कान देऊन पाहिलेली रंगभूमी

१९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात चौदाशे कैद्यांसमोर सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा प्रयोग झाला. मार्टिन एसलिनने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’ची सुरुवात याच प्रयोगापासून केली. आधुनिक नाटकावरच्या समीक्षेत इतकी नेमकी सुरुवात मी दुसरीकडे वाचलेली नाही. १९१३ साली सारा बर्नहार्ट येऊन गेली, त्यानंतर त्या तुरुंगात एकही नाटक झालं नव्हतं. ‘गोदो’ निवडण्यामागचं एक मोठं कारण अगदी व्यवहारी होतं : नाटकात स्त्रीपात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ॲक्टर्स वर्कशॉप’ची नटमंडळी धास्तावली होती. ज्या नाटकाने युरोपातल्या जाणत्या प्रेक्षकांना बुचकळ्यात टाकलं, ते इथे कोण ऐकून घेणार? प्रयोगाआधी दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ रंगमंचावर आला आणि त्याने कैद्यांना सांगितलं, की जॅझ ऐकता तसं हे ऐका. ज्याला जे सापडेल ते त्याचं. प्रेक्षागृह शेवटपर्यंत खिळून राहिलं. तुरुंगाच्या वर्तमानपत्रात त्याचं परीक्षण आलं. गोदो म्हणजे समाज, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याच्या मते गोदो म्हणजे बाहेरचं जग. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रिक क्लची नावाचा जन्मठेपेचा एक कैदी त्या रात्री प्रेक्षकांत नव्हता. त्याला कोठडीबाहेर यायची परवानगी नव्हती. ध्वनिक्षेपकावरून येणारं नाटक त्याने कोठडीतच ऐकलं. पुढे त्याने आणि त्याच्या साथीदारांनी तुरुंगात स्वतःची नाटकमंडळी काढली, बेकेटची नाटकं केली. सुटका झाल्यावर हाच क्लची १९७५ साली बर्लिनमध्ये खुद्द बेकेटचा दिग्दर्शन-साहाय्यक झाला. त्याच्या नाट्यशिक्षणाची सुरुवात अशी निव्वळ कानांनी झाली होती. एसलिनच्या लेखनाची ही निवड मराठी वाचकापुढे ठेवताना मला ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते, कारण एसलिनही मुळात ऐकणारा समीक्षक होता.

सॅन क्वेंटिनच्या प्रसंगातून एसलिन जे काढतो ते असं. सराईत प्रेक्षक थिएटरात येताना अपेक्षा घेऊन येतो. गोष्ट हवी, तिची उकल हवी, पात्रांच्या वागण्यामागे कारणं हवीत, संवाद मुद्द्याला धरून हवेत. या अपेक्षा एका विशिष्ट प्रकारच्या नाटकाने घडवलेल्या असतात. त्या वेगळ्या प्रकारच्या नाटकाला लावल्या की ते नाटक नापास होणारच. गजकाठीने दूध मोजायला बसलं तर दुकानदारही खोटा ठरतो आणि दूधही. कैद्यांकडे ती गजकाठी नव्हती. म्हणून समोर जे चाललं होतं ते त्यांना सरळ दिसलं. बेकेट, आयनेस्को, आदामोव, जेने यांची नाटकं वेगळं काही करू पाहतात, तेव्हा ती काय करू पाहतात हे आधी ठरवा, आणि मग ते त्यांना जमलं की नाही ते बघा, एवढंच एसलिनचं मागणं होतं. वाचताना हे किती साधं वाटतं! पण त्या काळच्या लंडनमध्ये ते कोणी मागत नव्हतं, आणि आज आपल्याकडे नव्या नाटकाच्या पहिल्या आठवड्यात जी परीक्षणं येतात ती पाहिली, तर ते मागणं अजून पुरं झालेलं नाही असंच म्हणावं लागतं.

त्याचं आयुष्य थोडक्यात. जन्म ६ जून १९१८, बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबातला. मूळ नाव ज्युलियस पेरेस्लेनी. लहानपणीच कुटुंब व्हिएन्नाला गेलं. तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि इंग्रजी, आणि त्याच शहरात माक्स राइनहार्टच्या नाट्यविद्यालयात दिग्दर्शन, असं त्याचं शिक्षण झालं. १९३८च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि एसलिनला देश सोडावा लागला. काही काळ ब्रसेल्समध्ये काढून तो इंग्लंडला पोहोचला. १९४० साली बीबीसीत लागला तो परदेशी प्रक्षेपणं ऐकून त्यांची नोंद करणाऱ्या विभागात. त्या विभागात त्याच्यासारखेच निर्वासित होते. पुढे कलेतिहासकार म्हणून गाजलेला अर्न्स्ट गोम्ब्रिक त्यांतलाच. शत्रूच्या भाषणातला कोणता शब्द कालच्यापेक्षा वेगळा आहे, कुठे आवाज चढला, कोणती गोष्ट आज सांगायची टाळली, हे टिपणं हे त्यांचं रोजचं काम. समीक्षकाला याहून चांगली तालीम कोणती मिळणार? १९६३ ते १९७७ तो बीबीसीच्या रेडिओ नाट्यविभागाचा प्रमुख होता. नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने नाट्यशास्त्र शिकवलं. २००२च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

या आयुष्याचा आणि त्याच्या समीक्षेचा संबंध मला फार जवळचा वाटतो. ज्याचं गाव, नाव आणि भाषा विशीतच सुटली, त्याला खात्रीचा आधार निसटलेल्या माणसांची नाटकं परकी कशी वाटतील? शिवाय त्याने ज्यांच्यावर लिहिलं त्यांतले बरेचजण असेच उपटलेले. बेकेट आयरिश, आयनेस्को रुमानियन, आदामोव कॉकेशसमधल्या आर्मेनियन घरातला. तिघेही पॅरिसमध्ये राहून फ्रेंचमध्ये लिहिणारे. आयनेस्कोला पहिलं नाटक सुचलं तेच मुळी इंग्रजी शिकण्याच्या पुस्तकातून. त्या धड्यांतले जोडीदार एकमेकांना गंभीरपणे सांगतात की आठवड्याला सात दिवस असतात, छत वर असतं आणि जमीन खाली. ‘द बाल्ड सोप्रानो’ हे ते नाटक ११ मे १९५० रोजी पॅरिसच्या एका चिमुकल्या थिएटरात आलं आणि फारसं कुणी फिरकलं नाही. १९५७पासून मात्र ते पॅरिसच्याच थिआत्र द ला ह्युशेतमध्ये अखंड चालू आहे.

‘गोदो’ पॅरिसमध्ये ५ जानेवारी १९५३ रोजी आलं, लंडनमध्ये १९५५च्या ऑगस्टमध्ये. लंडनच्या बहुतेक दैनिकांनी हात झटकले. त्या रविवारी हॅरल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन या दोन समीक्षकांनी आपापल्या साप्ताहिकांतून बाजू घेतली नसती, तर नाटक बंदच पडलं असतं. पण बाजू घेणं वेगळं आणि वाट दाखवणं वेगळं. टायननचीच गोष्ट पाहा. १९५८च्या उन्हाळ्यात त्याने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आयनेस्कोवर एक लेख लिहिला. त्याचा आक्षेप होता की हे नाटक माणसाला समाजातून उचलून एका बंद खोलीत नेतं, आणि अशा रंगभूमीला मसीहा मानलं तर वास्तवाशी असलेला नाटकाचा संबंध तुटेल. आयनेस्कोने उत्तर दिलं की समाज हा माणसाचा फक्त वरचा थर आहे. मरणाची भीती, एकटेपणा, हे त्याच्या खाली सगळ्यांचं एकच आहे, आणि नाटककाराने तिथे उतरावं. हा वाद आठवडे-आठवडे चालला आणि ऑर्सन वेल्सनेही त्यात उडी घेतली. एसलिनने त्याची हकीकत दोन्ही बाजूंना पुरेसा वाव देऊन सांगितली आहे. त्याचा स्वतःचा कल आयनेस्कोकडे आहे, हे लपत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर टायननचा प्रश्न मला अजून जिवंत वाटतो. मराठीत दलित रंगभूमी आणि असंगत म्हणून ओळखलं गेलेलं नाटक यांचा एकमेकींशी जो अबोला राहिला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. या निवडीत तो भाग मुद्दाम पूर्ण घेतला आहे.

आता एसलिन प्रत्यक्षात काय करतो ते जवळून पाहू. हॅरल्ड पिंटरचं ‘द बर्थडे पार्टी’. समुद्रकाठच्या गावातलं एक खाणावळवजा घर, सकाळची वेळ. पीटी कामावरून येऊन वर्तमानपत्र उघडून बसतो. आतून मेग विचारते, तूच का रे? तो हो म्हणतो. ती पुन्हा विचारते. मग कॉर्नफ्लेक्स येतात. चांगले आहेत का? चांगले आहेत. मला वाटलंच चांगले असतील. पेपरात काय आहे? कुणाला तरी मूल झालंय. कुणाला? मुलगा की मुलगी? या संवादातून माहिती म्हणून काही मिळत नाही. १९५८च्या मे महिन्यात लंडनच्या लिरिक थिएटरात हे नाटक आलं तेव्हा समीक्षकांना नेमका याचाच त्रास झाला, आणि आठ प्रयोगांत ते उतरवावं लागलं. हॉब्सनचं कौतुकाचं परीक्षण छापून आलं तेव्हा नाटक बंद झालेलं होतं.

एसलिन या संवादाकडे वळतो तो कानाने. लोक खरोखर कसे बोलतात, हे तो आधी ऐकवतो. विचारलेल्या प्रश्नाऐवजी आधीच्याच प्रश्नाचं उत्तर देणं. ऐकू न आल्याचं दाखवून विचार करायला उसंत मिळवणं. एकच गोष्ट तीनदा म्हणून ती खरी आहे अशी स्वतःचीच खात्री पटवणं. रंगमंचावर पिढ्यान् पिढ्या बोलले गेलेले रेखीव संवाद हे वास्तवाचं नाटकी रूप होतं; पिंटरने रस्त्यावरचं आणि स्वयंपाकघरातलं बोलणं जसंच्या तसं आणलं तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं. मग एसलिन विचारतो की या शब्दांच्या आडून ही माणसं एकमेकांना काय करताहेत? मेगला कॉर्नफ्लेक्सबद्दल काही जाणून घ्यायचं नाही. समोरचा माणूस अजून आहे, उत्तर देतो आहे, एवढं तिला पुनःपुन्हा तपासून पाहायचं आहे. पुढे दोन अनोळखी पाहुणे त्याच घरात येऊन भाडेकरू स्टॅन्लीवर प्रश्नांचा भडिमार करतात, तेव्हा सकाळच्या त्या निरर्थक प्रश्नोत्तरांची आठवण होऊन अंगावर काटा येतो. प्रश्न विचारणं हे प्रेमही असू शकतं आणि छळही. पिंटरवरच्या ‘द पीपल्ड वूंड’ या त्याच्या १९७०च्या पुस्तकात अशी वाचनं पानापानांवर आहेत. नटांनी ती जरूर वाचावीत, असं मी आग्रहाने म्हणेन. पिंटरच्या संहितेत ‘पॉज’ आणि ‘सायलेन्स’ असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. पॉजमध्ये विचार चालूच राहतो, सायलेन्सनंतर माणूस दुसऱ्याच ठिकाणी पोहोचलेला असतो. तालमीत हा फरक सांभाळला नाही तर पिंटर कोसळतो.

रेडिओवरचं त्याचं लेखन हा या निवडीतला मला सर्वांत प्रिय भाग. मराठी वाचकाला श्रुतिका आणि नभोनाट्य यांची सवय आहे, किंवा एका पिढीपूर्वी होती असं म्हणू. त्यामुळे हे लेख आपल्याला लवकर आपलेसे वाटावेत. १९५६च्या उन्हाळ्यात बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमचा प्रमुख जॉन मॉरिस पॅरिसला जाऊन बेकेटला भेटला. त्यातून ‘ऑल दॅट फॉल’ जन्मलं आणि १३ जानेवारी १९५७ रोजी प्रक्षेपित झालं. म्हातारी, स्थूल मॅडी रूनी आंधळ्या नवऱ्याला आणायला स्टेशनकडे निघाली आहे, एवढीच गोष्ट. रस्ता, मेंढ्या, गाय, कोंबडी, गाडीची शिट्टी, हे सगळं तिच्या डोक्यातून ऐकू यायला हवं होतं. निर्माता डॉनल्ड मॅकव्हिनी याने जनावरांचे खरे आवाज वापरले नाहीत. ते माणसांकडून काढून घेतले आणि पावलांचा ठेका तालवाद्यासारखा बांधला. अशा प्रयोगांतून लागलेल्या गोडीमुळेच पुढच्या वर्षी बीबीसीचं ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ उभं राहिलं.

१९५७च्याच डिसेंबरमध्ये बेकेटने फ्रान्समध्ये बसून, खरखरणाऱ्या लहरींतून, पॅट्रिक मगी या आयरिश नटाला आपलं गद्य वाचताना ऐकलं. तो चिरका, थकलेला आवाज त्याच्या कानात बसला. त्या आवाजासाठी त्याने एक स्वगत लिहायला घेतलं. त्यात टेपरेकॉर्डर येणार होता आणि हे यंत्र बेकेटच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून लंडनहून ते कसं चालवायचं याची पुस्तिका मागवावी लागली. हे झालं ‘क्रॅप्स लास्ट टेप’. दर वाढदिवसाला स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करणारा म्हातारा आणि तीस वर्षांपूर्वीचा त्याचाच उमेदीतला, स्वतःवर खूश असलेला आवाज, असा त्यातला सामना. एसलिनने ही सगळी साखळी बेकेट आणि प्रक्षेपणकलेवरच्या आपल्या निबंधात मांडली आहे, आणि मांडताना त्याचा मुद्दा स्पष्ट आहे : बेकेटची माणसं मुळात आवाज आहेत. दृश्याचा आधार काढून घेतला तरी ती उरतात. हा निबंध लिहिणाऱ्या माणसाने स्वतः स्टुडिओत उभं राहून बेकेटचं ‘लेसनेस’ रेडिओसाठी बसवलेलं आहे, हे वाचताना कळतं. कोणत्या नटाचा श्वास कुठे लागतो, हे त्याला ठाऊक आहे.

पिंटरचं ‘लँडस्केप’ १९६८ साली रंगमंचावर येऊ शकलं नाही, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे आणि त्या कचेरीने काही शब्द गाळायला सांगितले. पिंटरने नकार दिला. रेडिओला हा नियम लागू नव्हता. एप्रिलमध्ये बीबीसीने ते जसंच्या तसं प्रक्षेपित केलं, एसलिन विभागप्रमुख असताना. सप्टेंबरमध्ये ती सेन्सॉरशिपच कायद्याने संपली.

ब्रेख्तवरचं त्याचं पुस्तक, ‘ब्रेख्त : अ चॉइस ऑफ ईव्हल्स’, १९५९चं, म्हणजे ‘ॲब्सर्ड’च्याही आधीचं. त्यावर डाव्या समीक्षकांनी कडाडून टीका केली. एसलिनचं म्हणणं असं की ब्रेख्तमधला कवी ब्रेख्तमधल्या पक्षनिष्ठ माणसाला सतत चकवून जातो. ‘मदर करेज’ १९४१ साली झ्यूरिकला झालं तेव्हा प्रेक्षक तिच्यासाठी रडले. युद्धावर पोट भरणारी बाई युद्धातच तिन्ही मुलं गमावते आणि तरीही काही शिकत नाही, हे त्यांनी पाहावं अशी ब्रेख्तची इच्छा होती. त्यांना दिसली ती आई. ब्रेख्तने नाटकात फेरफार केले, बर्लिनमध्ये स्वतः बसवलं, तरी लोक रडतच राहिले. एसलिनला यात ब्रेख्तचा विजय दिसतो. मला हे पुस्तक वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी जाणवतात. प्रयोगात प्रेक्षकाचं खरोखर काय होतं याकडे त्याचं लक्ष आहे, आणि त्यामुळे तो सिद्धांताच्या आहारी गेलेल्यांपेक्षा पुष्कळ पुढे आहे. पण ज्याला हुकूमशाहीने देशोधडीला लावलं त्याचा राजकीय विचारसरणीवरचा अविश्वासही पानोपानी आहे, आणि तो अविश्वास काही ठिकाणी ब्रेख्तवर अन्याय करतो. रडणारा प्रेक्षक घरी जाऊन विचार करत नाही, असं कुणी सांगितलं? दोन्ही घडू शकतं. विजया मेहतांनी ब्रेख्त मराठीत आणला तो ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून, खानोलकरांच्या शब्दांत. ते नाटक मराठी प्रेक्षकाला एकाच वेळी हलवूनही गेलं आणि विचारातही पाडून गेलं. त्याच विजयाबाईंनी आयनेस्कोचं ‘द चेअर्स’ही मराठीत केलं. एकाच दिग्दर्शिकेच्या हातून हे दोघे आपल्याकडे आले, हे विसरून आपण त्यांना दोन छावण्यांत बसवत आलो.

‘द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड’मध्ये परंपरेवर एक प्रकरण आहे. बेकेट-आयनेस्को वाचायची घाई असलेले वाचक ते ओलांडून जातात. मराठी वाचकाने तसं करू नये. ही नाटकं आभाळातून पडलेली नाहीत, असं एसलिन तिथे दाखवतो. रोमन मूकनाट्यातले आणि इटलीच्या ‘कोमेडिया देल आर्ते’मधले सोंगाडे, सर्कशीतले विदूषक, एडवर्ड लिअर आणि लुईस कॅरल यांची अर्थाशी खेळणारी रचना, स्ट्रिंडबर्गची स्वप्ननाटकं, १८९६ साली पॅरिसला हादरवणारं जारीचं ‘उब्यू र्‍वा’, मूकपटांतले चॅप्लिन आणि बस्टर कीटन, असा धागा तो ओढत आणतो. ‘गोदो’तले टोप्यांची अदलाबदल करणारे दोघे भिकारी त्याला विनोदी चित्रपटांतल्या आणि म्युझिक हॉलमधल्या जोड्यांचे वंशज दिसतात. त्याचा अर्थ असा की तर्काला बगल देणारं नाटक हे विसाव्या शतकाच्या निराशेचं एकुलतं एक अपत्य नव्हे. जुन्या, लोकांच्या, टवाळ रंगभूमीची ती वेळोवेळी वर येणारी शीर आहे.

हे वाचलं की सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ निराळ्या प्रकाशात दिसतं. १९७४ सालच्या या नाटकात भाऊराव मरतात आणि मेल्यानंतर कीर्तनाला उभे राहतात. जुन्या स्मशानातच आपल्याला जाळावं, असा त्यांचा हट्ट आहे आणि ते स्मशान बंद झालेलं आहे. चाळकरी, मुलगा नाना, बायको रमा, सगळे त्या हट्टाच्या आणि आपापल्या इच्छांच्या मध्ये अडकतात. मृतदेह पूर्वरंग करतो, आख्यान लावतो, तालात बोलतो. या नाटकाला ‘ॲब्सर्ड’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि अनेकांनी ते केलं. परंतु त्याची सारी ताकद कीर्तनात आहे, पुण्याच्या चाळीच्या बोलीत आहे, मर्तिकाच्या विधींतल्या बारकाव्यांत आहे. पॅरिसहून ते आलेलं नाही. एसलिनच्या त्या प्रकरणाचा धडा घेऊन कुणी दशावतार, तमाशातला सोंगाड्या, भारुड आणि कीर्तन यांच्यापासून खानोलकरांच्या ‘एक शून्य बाजीराव’पर्यंत आणि ‘महानिर्वाण’पर्यंत असा धागा ओढला, तर मराठी आधुनिक नाटकाचा इतिहास बराचसा नव्याने लिहावा लागेल. तो कुणीतरी लिहावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. हे भाषांतर व्हावं असं वाटण्यामागे ती इच्छाही होती.

पुस्तकाचं नाव मात्र पुस्तकापेक्षा मोठं झालं, आणि त्याचे परिणाम चांगले झाले नाहीत. बेकेटला ते नाव नको होतं. आयनेस्कोही त्यावर खूश नव्हता. एसलिनने पुढच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनांत पुनःपुन्हा बजावलं की ही काही चळवळ नाही, कुणाची संघटना नाही, काही नाटककारांत दिसणारं साम्य समजून घेण्यासाठी घेतलेला हा आधार आहे. कुणी ऐकलं नाही. पाठ्यपुस्तकांनी त्याची व्याख्या करून टाकली : जीवन निरर्थक आहे असं सांगणारं नाटक. अल्बेर काम्यूच्या १९४२च्या ‘द मिथ ऑफ सिसिफस’वरून एसलिनने संकल्पना उचलली, तिथे तरी हा अर्थ कुठे आहे? काम्यूचा सिसिफस हताश नाही. २०११ साली मायकेल बेनेटने या नाटकांचं फेरवाचन करताना काम्यूच्या याच बाजूवर बोट ठेवलं आणि एसलिनने काम्यूला पुरतं जोखलं नाही असा दावा केला. ही नाटकं बोधकथांसारखी प्रेक्षकाला अर्थ घडवायला भाग पाडतात, असं त्याचं म्हणणं. मला तो आक्षेप बराचसा पटतो. फक्त एवढंच म्हणावंसं वाटतं की सॅन क्वेंटिनच्या कैद्यांनी अर्थ घडवलाच होता, आणि ते एसलिननेच पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. त्याच्या उदाहरणांना त्याच्या व्याख्येपेक्षा जास्त कळत होतं.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एवढ्या विस्तृत पटावर एकाही नाटककार स्त्रीला स्वतंत्र प्रकरण मिळालेलं नाही.

पुढच्या आवृत्त्यांत पूर्व युरोप आला आणि पिंटरला संपूर्ण प्रकरण मिळालं. पूर्व युरोपचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे टायननच्या प्रश्नाला प्रत्यक्ष व्यवहाराने उत्तर दिलं. वात्स्लाव हावेलच्या ‘द मेमोरँडम’मध्ये (१९६५) एका कचेरीत नवी कृत्रिम भाषा लागू होते. संचालक ग्रोसला त्या भाषेत एक पत्र येतं, ते त्याला वाचता येत नाही. भाषांतर करून घ्यायला परवानगी लागते, आणि ती परवानगी मिळवण्याच्या वाटा एकमेकींतच अडकलेल्या असतात. प्रागच्या प्रेक्षकाला यात दुर्बोध असं काही नव्हतं, ते त्याचं रोजचं ऑफिस होतं. पोलंडमध्ये ‘गोदो’ पाहणाऱ्यांना गोदो म्हणजे राष्ट्राचं स्वातंत्र्य वाटलं, अल्जीरियातल्या भूमिहीन शेतकऱ्यांना सतत कबूल केली जाणारी आणि कधीच न येणारी जमीन, असं एसलिन सांगतो. ज्या नाटकाला समाज नाही असा आरोप होता, ते ज्या समाजात गेलं तिथल्या जखमेला जाऊन भिडलं.

‘ॲनॅटमी ऑफ ड्रामा’ (१९७६) आणि ‘द फील्ड ऑफ ड्रामा’ (१९८७) या पुस्तकांतले उतारेही इथे आहेत. पहिलं नव्या विद्यार्थ्यासाठी उत्तम आहे. दुसऱ्यात तो चिन्हविज्ञानाची परिभाषा वापरतो आणि त्याची नेहमीची चाल तिथे जरा जड होते; म्हणून त्यातून थोडकंच घेतलं. दूरदर्शनवरच्या जाहिरातींना तो नाटकाच्या कसोट्या लावतो तो निबंध मात्र आवर्जून वाचावा. अर्ध्या मिनिटात संकट, उपदेशक, साक्षात्कार आणि सुखान्त, हे सगळं बसवणाऱ्या त्या छोट्या नाटकांचा त्याने ॲरिस्टॉटलला समोर ठेवून लावलेला अर्थ आजच्या मोबाइलच्या पडद्यालाही लागू पडतो.

निवड करताना काही नाटककारांवरची टिपणं गाळावी लागली. आर्थर आदामोववरचं प्रकरण मात्र अखंड ठेवायचा मी हट्ट धरला, त्याची नाटकं मराठीत फारशी कुणी पाहिलेली नसूनही. आदामोवने आपलं ‘प्रोफेसर तारान’ जवळजवळ जसंच्या तसं एका स्वप्नातून उचललं. समुद्रकिनाऱ्यावर नग्न हिंडल्याचा आरोप असलेला प्राध्यापक तो नाकारत राहतो, एकेक पुरावा त्याच्याविरुद्ध जात राहतो, आणि शेवटी तो आपण होऊनच कपडे उतरवू लागतो. त्या स्वप्नात बेल्जियमचा उल्लेख होता. तोवर आदामोवच्या नाटकांत खऱ्या जगातलं एकही ठिकाण नव्हतं. बेल्जियम हे नाव कागदावर उतरवताना आपण फार मोठी उडी घेतली असं त्याला वाटलं. तिथून तो खऱ्या जगाकडे सरकत गेला. ‘पिंगपाँग’मध्ये दोन तरुण एका पिनबॉल यंत्रापायी आयुष्य उधळतात, १९५७च्या ‘पाओलो पाओली’त पहिल्या महायुद्धाआधीचा फुलपाखरांचा आणि शहामृगाच्या पिसांचा व्यापार आहे, आकडेवारीसकट. मग तो उघडपणे ब्रेख्तच्या वाटेने गेला, पॅरिस कम्यूनवर नाटक लिहिलं आणि आपली आधीची नाटकं नाकारली. म्हणजे एसलिनच्या पुस्तकातल्या चार प्रमुख नाटककारांपैकी एकाने पुस्तक येण्याआधीच ते घर सोडलं होतं, आणि एसलिनला ज्या राजकारणाबद्दल खोल अविश्वास होता त्याच दिशेला तो गेला होता. असं असूनही या प्रकरणात एसलिन त्याला दोष देत नाही. नाटकामागून नाटक तो आदामोवच्या कारणांचा माग घेतो, ‘पिंगपाँग’ला या साऱ्या रंगभूमीतल्या श्रेष्ठ नाटकांत जागा देतो, आणि नंतरच्या राजकीय नाटकांतही काय साधलं ते प्रामाणिकपणे नोंदवतो. एसलिनची ओळख नव्याने होत असेल त्या वाचकाने हे प्रकरण सर्वांत आधी वाचावं.